एकाच मालाची छत्री

आई, मी एक छत्री केली. एकटीनं नव्हे, कुपवाडच्या आमच्या कारखान्यातल्या चार माणसांनी मिळून केली, पण कागदावरची पहिली रेघ माझी होती. हातात घेतली तर दोन भाकरींएवढं वजन लागतं. काड्या, दांडा, मूठ, कापड, वरचं टोक, सगळं एकाच जातीच्या प्लास्टिकचं. ज्याची साखरेची पोती असतात ना, त्याचंच. त्यामुळं छत्री जुनी झाली की काही सोडवत बसावं लागत नाही. आख्खी दळून वितळवली की तिचा पुन्हा दाणा होतो आणि त्या दाण्यातून दुसरं काहीतरी होतं. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण माझ्या माणसांत छत्रीतलं कळणारी तू एकटीच होतीस, आणि तुला जाऊन एकवीस वर्षं झाली.

सुरुवात कचऱ्याच्या शेडात झाली. आमच्या कारखान्याला जुनं प्लास्टिक लागतं, म्हणून मी कधीकधी कराडकडच्या शेडांवर माल बघायला जाते. दोन वर्षांपूर्वी एका शेडात गेले तर एका कोपऱ्यात नुसत्या मोडक्या छत्र्यांचा ढीग. कचरा निवडणाऱ्या बाईला मी विचारलं, या अशा का पडल्यात? ती म्हणाली, "छत्री आली की डोकं उठतंय बघा ताई. लोखंडवाला म्हणतो कापड काढून द्या, प्लास्टिकवाला म्हणतो लोखंड काढून द्या. काढाय गेलं की काडी बोटात घुसती. कोण न्हेत न्हाई आन् मला टाकवत न्हाई." तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. परत येताना गाडीत मी तुझ्या अंगठ्याचा विचार करत होते. तुझ्याही अंगठ्याला मे महिन्यापासून चिंधी असायची.

पलूसच्या घरात आपलं स्वयंपाकघर मे महिन्यात छत्र्यांचं होऊन जायचं. उजेड तिथंच चांगला, म्हणून तुझं पायमशीन चुलीच्या समोरच्या खिडकीशी होतं. सकाळच्या भाकरी झाल्या की तू जमीन पुसून घ्यायचीस आणि तिच्यावर काळं कापड अंथरायचीस. लोक जुन्या सांगाड्याची छत्री आणून द्यायचे आणि तू तिच्यावर नवं कापड चढवायचीस. मी सांगलीला डिप्लोमाला होते, रविवारी घरी यायचे. एका रविवारी मी तुला म्हटलं, तू अंदाजानं कापतेस, मी मापानं काढून देते. काडीची लांबी घेतली, गणित केलं, पुठ्ठ्यावर कापडाची तिकोनी पाकळी काढली. आठ पाकळ्या अगदी बरोबर बसल्या आणि उघडल्यावर सगळं कापड सैल पडलं, म्हातारीच्या गालासारखं. तू हसली नाहीस. शिवण उसवायला घेतलीस आणि म्हणालीस, "तुझं माप बरूबर हाय. पर कापड जरा उपाशी ठिवायचं. पोटभर दिलं की काडीला वढत न्हाई." आठी पाकळ्यांची शिवण तू उसवलीस, कडेनं दोन-दोन सूत माप कमी केलंस, परत शिवलीस. उसवताना तू कधी दोरा तोडायची नाहीस. एक टोक धरून सरळ ओढून काढायचीस आणि तोच दोरा पुन्हा रिळाला गुंडाळायचीस.

नंतर मला कुपवाडला नोकरी लागली. तेव्हा आमच्याकडं रेनकोट व्हायचे. पहिल्या वर्षी मी तुझ्यासाठी एक आणला, निळा. तू तो मांडीवर घेतलास, आतली बाजू बाहेर केलीस, अंगठ्यानं कडा चाचपल्यास. "ह्येची शिवण कुठाय?" मी म्हटलं, शिवण नाहीच, मशिनवर तापवून चिकटवलंय. "मग उसवायचं कसं?" मी म्हटलं, "आई, आता कुणी उसवत बसत नाही. फाटला की टाकायचा, दुसरा घ्यायचा." तू ती कड नखानं उचकटून बघितलीस. मग घडी घालत म्हणालीस, "तू करतीस ते मला उसवता येत न्हाई बाई." त्या दोन-तीन वर्षांत बाजारात स्वस्त छत्र्या आल्या होत्या आणि तुझ्याकडं येणाऱ्या छत्र्या कमी झाल्या होत्या. मला वाटलं, तू मला बोललीस. माझ्यासारख्यांनी तुझं काम घालवलं, असं तुला म्हणायचंय. मी चहा अर्धा ठेवून सांगलीची गाडी पकडली. त्यानंतर मी येत राहिले, पण कामाचं काही तुझ्याजवळ काढलं नाही. पुढच्या थंडीत तू गेलीस, दुपारी, मशिनवर बसल्या बसल्या.

तेराव्यानंतर मी तुझी ट्रंक उघडली. सगळ्यात वर तो निळा रेनकोट होता. पाठीवर, बाह्यांवर, जागोजाग कात्रीनं कापलेला. मी तो पूर्ण उलगडलासुद्धा नाही. गोळा केला, पिशवीत घातला आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकून आले. कुणाला काही बोलले नाही. तू माझ्यावर एवढी रागावली होतीस, हे कुणाला कळू नये असं वाटलं. मशीन मी शेजारच्या चाचीला देऊन टाकलं. ती तुझ्याकडंच शिवण शिकली होती आणि माझ्या कुपवाडच्या दोन खोल्यांत ते मावलंही नसतं.

तर ही छत्री. काड्यांना चार महिने गेले. पातळ केल्या की वाकायच्या, जाड केल्या की वजन वाढायचं. शेवटी काडीला आतून उसाच्या पाल्यासारखी मधली शीर दिली, मग ती उभी राहिली. कापडाला मी पहिल्या दिवसापासून दोन सूत कमी धरलं, त्यामुळं तिथं काही अडलं नाही. अडलं शिवणीवर. मालकांचं म्हणणं, पाकळ्या मशिनवर तापवून चिकटवा, काम झटपट होईल. चिकटवलेल्या छत्र्या केल्या. पहिल्या आठवड्यात छान दिसल्या, मग उघड-मीट करून करून शिवणीच्या जागी कडक झालेली कड तडकायला लागली. म्हणून मी दोरा त्याच प्लास्टिकचा मागवला, म्हणजे शिवूनही माल एकच राहिला असता. पण आमच्या मोटारीच्या मशिनवर सुई एवढी तापायची की दोरा तिलाच चिकटून तुटायचा. कारागीर कंटाळला. मालक म्हणाले, "मॅडम, आता हट्ट सोडा. साधा दोरा वापरा, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?" मी आठ दिवस मागून घेतले. खरं म्हणजे माझ्याकडं काही उपाय नव्हता. दोऱ्याचं रीळ आणि कापलेल्या पाकळ्या पिशवीत घालून मी पलूसला चाचीकडं गेले.

चाची आता सत्तरीची आहे. तुझं मशीन तिच्या सोप्यात दारापाशी आहे, वर मोटार बसवलेली नाही. "पायाची सवय हाय, मोटार मला भ्या घालती," म्हणाली. तिनं दोरा बोटात फिरवून बघितला, दातानं तोडून बघितला. जाड सुई लावली, सुईला तेलाचं बोट पुसलं आणि पाय हलवायला लागली, अगदी सावकाश, झोळी हलवावी तशी. मी दोऱ्याकडं बघत उभी. तुटला नाही. एक पाकळी झाली, दुसरी झाली. "घाई केली की सुई तापती, पोरी. सुई तापली की दोरा रुसतो. एवढं तुमच्या कारखान्यात कुणाला कळंना व्हय?"

मला एवढं बरं वाटलं की मी पटकन बोलून गेले, "चाची, शिवणीचं जमलं. पण कापडालाच भोक पडलं तर काय, त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. त्याला ठिगळ शिवलं तर पाणी गळतंय."

चाची पाय न थांबवता म्हणाली, "त्येला इस्त्री. तुझ्या आईनं चिकटवलं असतं बघ."

"आईला कुठं येत होतं ते?"

आता मात्र तिनं मशीन थांबवलं. "आगं, असं काय करतीस? तू दिलेला निळा रेनकोट न्हवता का? त्यो तिनं कात्री घेऊन मुद्दाम कापला. म्या म्हटलं, आवं, लेकीनं दिल्याला हाय, काय करताय? तर म्हणली, फाटल्याबिगर जोडाय कसं शिकायचं? लेक असलंच काम करती, मला त्यातलं काय येत न्हाई. महिनाभर घरात जळका वास. तुझ्या वडलांनी फौजेतनं आणलेली ती जड इस्त्री. पयल्यांदा भोकच वाढलं. मग वर पेपर ठिवून बघितला, तर ठिगळावर उलटी अक्षरं उठली. मग तुझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढली, तवा कुठं जमलं. बागंत द्राक्षं छाटाय जाणाऱ्या बाया पावसात पांघरायची फाटकी प्लास्टिकची कापडं घेऊन यायच्या, त्यांची जोडून द्यायची."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"सांगणार हुती की. तू आलीस की मी म्हणायची, आज दाखवा. तर म्हणायची, आज नगं, अजून कडंला सुरकुती पडती. तिला कळतंय लगीच."

दारात ऊन होतं. चाचीच्या सुनेनं चहा आणला, मी तो संपवला. चाची पुन्हा शिवायला लागली. मी ट्रंकेतला रेनकोट आठवायचा प्रयत्न करत होते. कापलेलं दिसलं होतं, पण जोडलेलं किती होतं? मी उलगडून बघितलं असतं तर दिसलं असतं. "मग उसवायचं कसं" हे तू मला टोचून विचारलं नव्हतंस, आई. तुला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं तू विचारलंस, आणि मी पोरगी म्हणून उत्तर दिलं. चाचीनं आठवी पाकळी जोडली आणि म्हणाली, "घे, वढून बघ." मी तोंड फिरवून छत्रीचं कापड ओढत बसले.

त्यानंतरचं सांगते. कारखान्यातल्या मशिनांचा वेग निम्म्याच्या खाली आणला, सुया बदलल्या. दिवसाचं काम कमी निघतं, मालकांची त्याबद्दल रोज एक कुरकुर असते, पण त्यांनी वेग वाढवलेला नाही. कापडाच्या ठिगळाचे प्रयोग मी घरच्या इस्त्रीवर केले. इस्त्री मध्यम, वर कोरा कागद, दहापर्यंत आकडे, मग कागद ओढायचा नाही, गार होऊ द्यायचा. माझ्याही कडेला सुरकुती पडत होती. गार होताना वर पाटा ठेवला, तेव्हा गेली. आता प्रत्येक छत्रीच्या म्यानात त्याच कापडाचे दोन तुकडे घालून देतो आणि कसं चिकटवायचं ते मराठीत छापलेला कागद. एखादी काडी मोडली तर ती कळ दाबून निघते, दुसरी बसते. तू असतीस तर तुला ही छत्री उसवता आली असती.

पाटणच्या वरच्या बाजूला, जिथं पाऊस आडवा येतो, तिथं घरोघर फिरून आरोग्याचं बघणाऱ्या काही आशाताईंना आम्ही या पावसाळ्यात छत्र्या वापरायला दिल्या. गेल्या महिन्यात मी जाऊन आले. एक ताई म्हणाली, "आवं, वाऱ्यानं उलटी व्हती आन् झटका दिला की परत सुलटी व्हती. लोखंडाचीवानी मोडत न्हाई. लय हलकी हाय." मग माझं तोंड खुललेलं बघून तिनं पुढचंही सांगितलं, "पर शिवणीतनं टिपूस येतंय बरं का. आन् गाडीच्या डिक्कीत ऊन लागून माझ्या दोन काड्या वाकड्याच ऱ्हायल्यात." ते खरं आहे. तापलं की या काडीला बाक येतो आणि तो जात नाही. टिपसाचं जमेल, बाकाचं अजून मला सुचलेलं नाही. छत्री पूर्ण झाली असं म्हणून मी हे लिहीत नाहीये.

हे कागद मी कुठं पाठवणार? चाचीला वाचून दाखवावेत असं एकदा मनात आलं, पण मग उकिरड्याचं आणि हे पुढचं, दोन्ही गाळावं लागलं असतं. पहिला माल निघाला त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. दोऱ्याचं चाचीनं शिकवलं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, तिला बोलावून नारळही दिला. मग मालकांनी छत्रीच्या म्यानातला तो तुकडा वर धरला आणि विचारलं, "हे ठिगळाचं कुणाच्या डोक्यातून आलं?" चाची माझ्याकडं बघत होती. तुझं नाव घेतलं असतं तर रेनकोटाचं सांगावं लागलं असतं, उकिरड्याचं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "माझ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई, आणि चाचीनंही वाजवल्या.