ब्लोअरमधली पिल्लं

पप्पा,

गाडीचा एसी दुरुस्त झाला. जेवायच्या आधी वाचा, जेवताना न्हाई.

गॅस फुल होता. मिस्त्रीनं प्रेशर मोजून दाखवलं. दोन उन्हाळे आपण उगाच गॅस भरत होतो, म्हणजे चोंदलेल्या नाकात हवा. तुम्ही डॅशबोर्डात ठेवलेले ज्वारीचे नमुने खाऊन, सीटचा फोम ओढून उंदरीण ब्लोअरमध्येच बाळंत झाली होती. मिस्त्री म्हणला, फुल स्पीडला टाका. टाकलं. पहिला झोत लेंड्यांचा आला, आणि मी नेमका जांभई देत होतो. तीनदा दात घासले. चव जाऊन न्हाई राह्यली.

मग ब्लोअर खोलला, तर आत चार पिल्लं निघाली. बिनकेसाची, गुलाबी, ओलसर. आईनं त्यांना जुन्या डब्यात कापूस घालून मागच्या ओट्यावर ठेवलंय. तुम्ही हे वाचल्या वाचल्या, चपला न काढता, आधी त्यांनाच बघायला जाणार. जीवदया. मला बराबर माहितीये.

रितिकाताईची पोरगी काल दोन महिन्यांची झाली. एसी चालू झाला की ताईकडं घनसावंगीला जाऊ, असं तुम्ही दर रविवारी म्हणता, नातीचं तोंड अजून बघितलं न्हाई. मी आणि आई जीपनं पुढं गेलो. जिजाजी, म्हणजे तुमच्या भाषेत 'तो', स्टँडवर घ्यायला येणार आहेत.

चावी टीव्हीजवळ ठेवलीय. टायर, ब्रेक, पेट्रोल सगळं तपासलंय. अजून एखादं कारण उरलं असेल तर फोन करा, तेही दुरुस्त करून आणतो.

श्रेयांस