लेकीच्या अंगावरचा कोट

अहो,

नमस्कार मागाहून, आधी खुर्चीत बसा. मी सुखरूप पोहोचले, पण स्टेशनवर आपल्या लेकीला ओळखलंच नाही! अर्धं डोकं भादरलेलं, ओठ काळे, कोटभर सेफ्टी पिना.

म्हणते, "माझ्या आवडत्या बँडची ड्रमवाली अशीच राहते." खोलीत त्या ड्रमवालीचं भलंमोठं पोस्टर आहे.

जेवतेय मात्र नीट. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

आज तो कोट धुवायला घेतला आणि कॉलर उलटी केली. कॉलरच्या आत मीच घातलेला लाल टाका! तुमचा वर्कशॉपचा कोट हो! मी त्याची फडकी केली असं म्हणत वर्षभर टोमणे मारलेत ना?

लेक म्हणाली, "पिना ड्रमवालीच्या, बाह्या दुमडायची ढब बाबांची."

कोट परत मिळणार नाही. माझी माफी तेवढी मागा.

अजून न सावरलेली,
तुमची ही