दुसरी डबी

वीरूदादा,

तू उठायच्या आत कराडची एसटी पकडतेय, म्हणून चिठ्ठी. वाचून फाडून टाक.

तुझ्या आणि आबांच्या शौचाच्या डब्या मी कॉलेजात तपासायला नेल्या होत्या ना, त्यांचे निकाल आले! आबांच्या पोटात काय वस्ती हाय! भाकरी, ताक, हुलग्याच्या माडग्यावर पोसलेले एवढ्या जातींचे जिवाणू, की मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवले. मग तुझा निकाल उघडला, तर तोही तसाच! मी उड्याच मारल्या. कोइमतूरच्या सोनं गाळायच्या गलाई दुकानात सहा वर्षं परोटा आणि पाकिटातलं खाऊनही दादाचं पोट आपल्या विट्याचंच राहिलं, आता माझा प्रोजेक्टच उलटा लिहायचा!

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बापलेकांची पोटंपण एवढी सारखी नसतात. दोन्ही नमुने एकाच माणसाचे आहेत."

आबांना कसं पटवलंस रं? मी लय हसले. मग आठवलं, आल्यापासून तू अर्धीच भाकरी खातोस आणि पोट धरून परड्यात जाऊन बसतोस. आईला काही बोलले नाही.

दादा, ताट बदललं की पोटातली वस्ती चार दिवसांत बदलायला लागते, खरंच! शनिवारी कराडला ये, आधी डॉक्टरांना दाखवू. घरात सांग, क्रांतीचं कॉलेज बघायला चाललोय.

नवी डबी न्हाणीच्या खिडकीत ठेवलीय. आबांना परत कामाला लावू नकोस. या खेपेला तुझंच पाहिजे, कसंबी असू दे.

क्रांती