शिरीषकाकांनी परत आणलेली दुनळी

सेंगकांग, ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस, मेधाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इथल्या मेट्रोत, एमआरटीत उघडलं. आपल्या दुनळी बंदुकीचा फोटो बाहेर पडला आणि शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

निवडणुकीआधी शिरीषकाकांनी बंदूक बंदूकवाल्याच्या दुकानात जमा केली, नंतर परत आणली. एवढ्यावरून त्यांनी जुन्या नळ्या विकून नव्या बसवल्या म्हणता? पोलिसांत तक्रार देण्याआधी, आजोबा तित्तरांच्या शिकारीपूर्वी करायचे तसं करा. नळ्या काढून दोऱ्याला टांगा आणि पेन्सिलीने टिचकी मारा. तुआसच्या कारखान्यात मी पाइपांचे जोड तपासते, म्हणून आवाज कसा येतो ते मला नीट कळवा.

तुमच्या धाकात वाढलेली,
मेधा

फलटण, १७ जानेवारी

चि. मेधास, अ. उ. आ.

आजोबांच्या वेळी नळ्या घंटेसारख्या घुमायच्या. आता पत्र्याचा डबा वाजतो. शंभर वर्षांची विलायती बंदूक, हजारो बार पचवले, आणि दोन महिन्यांत बिघडते? नंबर लायसन्सशी जुळतो, पण नंबर कोरून घेता येतो. शिरीषला विचारलं तर म्हणाला, दादा, आधी चष्मा बदल.

दोन नळ्यांमधली पट्टी हलते. फटीतून पिवळी पूड निघाली, दुकानातलं पॉलिश असणार. तुला पाठवणार होतो, पण तुझी आई म्हणाली, पोरीला तिकडे तुरुंगात घालाल.

सगळ्यांवर नजर ठेवून,
बाबा

सेंगकांग, २८ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आईचे उपकार. ओल्या पुडीत चुना घाला. लाल झाली तर ती हळद.

आजोबा गेल्यापासून तुम्ही कधी टिचकी मारली होती का? दर खंडेनवमीला मात्र दूध-पाण्याचा अभिषेक, हळदकुंकू, मग वरवर पुसणं. ओल पट्टीखाली राहिली आणि जोड आतून गंजून सुटला, म्हणून आवाज बदलला. नव्या नळ्यांत इतक्या वर्षांची हळद कुठून येणार? नळ्या आपल्याच आहेत. त्यातून बार मात्र काढू नका, फुटतील.

तुमची नात इरा इथल्या इंग्रजीत म्हणते, आजोबा सो सस्पिशियस लाह. काकांशी तुम्हीच बोला.

माया आहे म्हणून रागावणारी,
मेधा

फलटण, ८ फेब्रुवारी

चि. मेधास, अ. उ. आ.

पूड लाल झाली.

तुझं पत्र गुरुवारी आलं. तक्रार मी सोमवारीच दिली होती आणि मंगळवारी शिरीषला चौकीवर बोलावून चार तास बसवलं. काल तक्रार मागे घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चहा दिला, तुझी चौकशी केली. निघताना म्हणाला, कमलाकरराव, सांभाळून जा.

साठ वर्षांत त्याने मला दादाशिवाय हाक मारली नव्हती.

तुझे बाबा