बबनराव धोंड्याला आले

२१ मे, आष्टी
माय आज पुन्हा मला बबनराव म्हणाली. घरातली एकेक ओळख पुसली तिच्या डोक्यातून, पण माझ्या लहानपणीच्या त्या रविवारच्या विनोदी मालिकेतली माणसं ठाण मांडून बसलीत. बबनराव म्हणजे त्यातला जावई. अधिक महिन्यात धोंड्याचं जेवायला आला, पाय मुरगळला म्हणाला, तो सासुरवाडीतून हललाच नाही. टकलामुळं मी तसा दिसतो म्हणे. सुमन खदखदून हसली, माझी बायको असून. मी पण हसलो, खोटं कशाला लिहू.

२४ मे
मोबाइलवर जुने भाग लावून दिले. तपकीर ओढणारी सासू, बहिरा न्हावी, आणि बबनरावांचं ते लंगडणं, कधी उजवा पाय, कधी डावा. काय माणसं होती ती! पूर्वी ऐन रंगात लाइट जायची, मग पुढचा भाग मायच करायची, सगळ्यांचे आवाज काढून. लाइट आली तरी गल्ली तिच्याकडंच बघत बसायची.
जेवताना मला म्हणाली, "लाजू नका पाव्हणं, घ्या आजून." मायनं मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मुडद्या म्हणायची. एकदा तरी म्हण ना गं.

३० मे
तिच्या हट्टापायी सु.नं पुरणाचे धोंडे केले. पाट, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. तिचं समाधान म्हणून बसलो. तिनं माझे पाय धुतले आणि एकदम वाकली. पाय ओढून घेतले तर रागावली, जावई देवाच्या ठिकाणी असतो म्हणाली.
माय माझ्या पाया पडली. गच्चीवर जाऊन रडलो. सु. हाका मारत होती, खाली जाववेना.

७ जून
बबनरावांचं काम करणारे नट वारले. बातम्यांत हार घातलेला फोटो. बंद करायला उठलो, तोवर मायनं बघितलं.
"गेलं व्हय आपलं जावई?"
मी पुढ्यात उभा होतो. मला ओलांडून टीव्हीकडंच बघत राहिली. दिवसभर घास नाही.

८ जून
सकाळी चहा नेला. बराच वेळ न्याहाळत होती.
"तू कोन रे, बाबा?"
तू म्हणाली. याच एका शब्दासाठी झुरत होतो, मिळाला तो असा. म्हटलं, माय, मी दत्ता. तुझा दत्ता.
नाव तिच्यापर्यंत पोचलंच नाही. चहा बाजूला सारला, पदरानं डोळे पुसले.
"आमचं जावई गेलं. तू त्यांच्या वळखीचा हाईस का?"
हो म्हणालो. तिच्याशेजारी खाली बसलो.