राजाची उडी

नाना, परवा मलकपेठच्या एका हॉलमध्ये मी स्पर्धेत खेळले आणि डाव बरोबरीत सुटला. सुरुवात तुमचीच. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. आमची पोरगी हे झोपेतही खेळेल, असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात.

तुमचा शेवटचा डाव आठवतो. आबिड्सला, तुमच्या ऑफिसच्या स्पर्धेत, मी तुमच्या मागे उभी आहे. हीच सुरुवात. आता किल्लेकोट करायचा, राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायचं, आणि तुम्ही राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं उडवता. घरी आपण देशी नियमांनी खेळायचो, त्यात राजाला अशी एक उडी असायची. मलाही तुम्ही आधी तेच शिकवलं होतं. पण स्पर्धेत तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. पंचांनी हटकलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, गोंधळून माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "राजाला एक उडी असते ना गं?" हात लावला म्हणून राजाच हलवावा लागला, किल्लेकोट गेला, तरी चिवटपणे डाव बरोबरीत सोडवलात. घरी आईने यथेच्छ थट्टा केली. आपण सगळे हसलो, तुम्हीसुद्धा. त्याच वर्षी तुम्ही नल्लकुंट्यात आपल्याच गल्लीत आपलं घर विचारत फिरलात. पुढे एकदा मलाच विचारलंत, "तुम्ही कोणाकडच्या?"

परवा किल्लेकोटाची वेळ आली आणि मी राजा उचलून ठेवला. समोर बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, भला माणूस. हळूच म्हणाले, "मॅडम, राजा को ऐसा नक्को चलाओ." मी पटावर पाहिलं. राजा अडीच घरांवर उभा होता आणि मला त्यात काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. उलट त्यांचाच राग आला. मग लक्षात आलं. थकवा आलाय, असं म्हणून वेळ मारून नेली आणि राजा शेजारच्या घरात सरकवला. पुढे त्यांनीच बरोबरी देऊ केली, बहुतेक दया येऊन. मी लगेच घेतली.

लेकीने घरी विचारलं, काय झालं? ड्रॉ, म्हटलं. उडीचं कळलं तर ती मला उद्याच डॉक्टरकडे ओढत नेईल, आणि डॉक्टर काय सांगेल ते मला आत्ता ऐकायचं नाही. हा कागद टेबलावर उघडाच पडलाय. ती दोनदा शेजारून गेली, एकदा तर खांद्यावरून डोकावलीही. मी झाकला नाही. मराठीत लिहिलंय, नाना. तिला वाचता येत नाही.