अंगठ्याच्या वरची ओळ

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात लिहिणार. तिला मी टाचणी म्हणते. अंगानं तशीच, बोलायलाही. वही कुणाला दाखवायची नाही अशी शपथ घातलीय. मला स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं. खाली अंगठा उमटवीन, उगाच कुणी म्हणायला नको की म्हातारी असं बोललीच नव्हती.
कारण मोठं आहे. पोरांनी नशा करू नये म्हणून सरकार जाहिराती काढतं. त्या आधी शाळेतल्या पोरांना दाखवायच्या आणि परिणाम होतो का ते तपासायचं, ही माझ्या मुलाची नोकरी. म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? कोण बिघडलंय ते मला तोंड बघून कळतं.
संकल्प: महिन्याभरात अक्षरं शिकायची. टाचणी शिकवते म्हणाली.
(मी टाचणी. हे आजीनं सांगितलेलं नाही. आजी, वाचायला शिकलीस की इथं ये. तुला काही सांगायचंय.)

९ जानेवारी
जाहिरात घरी बघितली. पोरगा पांढरी पूड हुंगतो, तोंडाची कवटी होते, भोंगा वाजतो. मला घाम फुटला. शाळेत मात्र पोरं हसली. एक म्हणाला, परत लावा. मित्रानं दिलं तर घ्याल का, असं आधी विचारलं तेव्हा चाळिसात सहा जण हो म्हणाले. जाहिरात बघून झाल्यावर अकरा! मुलगा जेवला नाही. साहेब म्हणे, आकडे पुन्हा तपासा, जाहिरात वरच्या सगळ्या साहेबांना आवडलीय.
माझ्या झोपेच्या गोळ्या डबीत कमी भरल्या. औषधवाला लबाड. धरतेच त्याला.
अक्षरं: चष्मा सापडत नाही. उद्या.
(औषधवाला लबाड नाही. चार मी घेतल्या.)

१५ जानेवारी, दुपारी
औषधवाल्याला भर दुकानात झाडला. तो म्हणाला, आजी, तुमच्यासमोर मोजून दिल्या. म्हटलं, समोर दिल्यास रे, पण माझ्या डोळ्यांवर चष्मा कुठं होता? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. चोराच्या मनात चांदणं.
टाचणी हल्ली पाचलाच झोपते. हाक मारली तर भिंतीकडे तोंड. अभ्यास फार. माझ्यावर गेलीय, मीही या वयात लोळतच असे.
अक्षरं: 'अ' फारच वाकडा आहे. सोमवारपासून.
(परीक्षेची भीती वाटली म्हणून एक घेतली होती. आता घेतल्याशिवाय बसवत नाही.)

२२ जानेवारी
मुलाला म्हटलं, कवटी काढ, मला घाल. खुर्चीत बसले, टाचणीनं मोबाइल धरला. मी सरळ बघून म्हणाले, बाळा, काय घेतलंस ते सांग, मी रागावणार नाही. तर टाचणीनं मोबाइल खाली केला. विचारते, खरंच नाही रागावणार? म्हटलं, अगं, जाहिरातीत कोण रागावतं? पुन्हा घे, माझे केस विस्कटले होते.
सात वेळा घेतली. सातव्यांदा पोर रडत होती. माझ्या बोलण्यात ताकदच तेवढी!
(पहिल्याच वेळी सांगणार होते.)

२९ जानेवारी
माझी जाहिरात टाचणीच्याच वर्गात दाखवली. फॉर्मवर नावं नाहीत. आधी हो म्हणणारे सात, नंतर सहा! मुलगा म्हणतो, एकानं काही सिद्ध होत नाही. याला आईचं कौतुक म्हणून नाही. शेवटचा प्रश्न, अडचण आली तर आधी कुणाला सांगाल? मित्राला, एकतीस. कुणालाच नाही, आठ. आजीला, एक. कुणाची का असेना, भाग्यवान म्हातारी.
डबीत दोनच उरल्या. नवीन आणायला टाचणीलाच पाठवलं. गुणाची पोर.
अक्षरं: या वयात कशाला?
(ती एक मीच. आजी, शिक ना.)

५ फेब्रुवारी
आज मुलगा लिहितोय. टाचणी दवाखान्यात आहे. माझ्या गोळ्यांची नवी डबी तिच्या दप्तरात सापडली. डोळे उघडलेत, दोन घोट पाणी प्यायली. सून जवळ बसलीय. पोर तिच्याशीही बोलत नाही.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून घेते, किती? तिघंही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तोंड बघून मला काही कळलं नाही. मग आठवलं, गोळ्या केव्हा केव्हा कमी झाल्या ते वहीत आहे. शपथ मोडली, वही मुलाला दिली.
तो मोठ्यानं वाचत होता. माझं बोलणं संपलं तरी थांबेना. म्हटलं, मी एवढंच सांगितलं होतं. तो म्हणाला, पुढं आहे, आई. प्रत्येक दिवशी आहे. आणि खाली तुझा अंगठा.
आता तिच्याकडे निघालोय. काय म्हणायचं ते मला पाठ आहे, सात वेळा म्हटलंय. मघापासून घोकतेय, पण धड निघत नाही.
लिहून झालं म्हणतो. शाईची डबी पुढं केलीय. म्हटलं, अंगठा थांबू दे. आधी वाचून दाखव. शेवटपर्यंत.